पालाकडून घराकडे जाणारी वाट गावातूनच जाते

सुगीचे दिवस संपत आले की मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या वेशीबाहेर पाले दिसू लागतात. चार काठ्या, त्यांवर जुन्या लुगड्यांचे आणि प्लॅस्टिकच्या कागदाचे पांघरूण, समोर तीन दगडांची चूल आणि खुंटीला बांधलेले जनावर, एवढाच तो संसार. सकाळी याच पालांतला नंदीवाला सजवलेला बैल घेऊन गावात शिरतो. ढोलकीचा आवाज ऐकून मुले धावत येतात. घरची गृहिणी बैलाच्या कपाळाला कुंकू लावते, सुपातून धान्य आणून झोळीत घालते, पाऊस कसा होईल ते विचारते. बैल मान डोलावतो आणि घरातली आजी समाधानाने हात जोडते.

त्याच दिवशी संध्याकाळी गावातले चार जाणते पालांवर येतात. ‘किती दिवस मुक्काम आहे?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘परवापर्यंत जागा मोकळी करा’ हा शेवटचा निरोप. सकाळी ज्याच्या बैलाला कुंकू लावले, तोच माणूस संध्याकाळी संशयित ठरतो. बेघर कुटुंबांना स्थिर निवारा देण्याच्या प्रश्नाचे मूळ या सकाळ-संध्याकाळच्या अंतरात आहे. पैसा, जमीन आणि शासकीय योजना यांचे प्रश्न त्यानंतर येतात.

कोणत्या मोजणीत हे बसतात?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची वेगळी मोजणी झाली. पदपथ, रेल्वे स्थानके, पुलांखालच्या जागा, देवळांचे ओटे अशा ठिकाणी प्रगणक फिरले. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांपैकी २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. आकडा लहान नाही. परंतु भटक्या समाजाची स्थिती त्यातून पुरती कळत नाही. ज्याची रात्र आज या माळावर आणि आठवड्याने दुसऱ्या तालुक्यात जाते, त्याला एका रात्रीच्या मोजणीत गाठणे अवघड असते. शिवाय शेताच्या बांधावर किंवा गायरानात उभ्या केलेल्या झोपडीत राहणारा माणूस कागदावर ‘घरात राहणारा’ ठरू शकतो. डोक्यावर छप्पर आहे म्हणून तो बेघर नाही आणि पायाखालची जागा त्याची नाही म्हणून घरकुलालाही पात्र नाही, अशा दुहेरी कात्रीत तो सापडतो.

शहरातल्या पदपथावरचा बेघर निदान दिसतो. त्याच्यासाठी रात्र निवाऱ्याची योजना आहे. तिची अंमलबजावणी अपुरी असेल, पण जबाबदारी महापालिकेवर आहे हे ठरलेले आहे. पालावरच्या कुटुंबाचे कोण, याचे उत्तर गावही देत नाही आणि शहरही देत नाही. नंदीवाले, डवरी गोसावी, मसणजोगी, वैदू, घिसाडी, डोंबारी, गोपाळ, मरीआईवाले, फासेपारधी ही नावे उच्चारताच मराठी माणसाच्या मनात लोकजीवनाचे एक रंगीत चित्र उभे राहते. त्या चित्रात माणसे असतात, त्यांची घरे नसतात. याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही, हेच खरे आश्चर्य आहे.

स्थिर होऊ न देण्याचा इतिहास

भटके समाज आपल्या मर्जीने भटकतात, घर त्यांना मानवत नाही, असा एक सोयीचा समज सुशिक्षित वर्गातही आहे. इतिहास वेगळे सांगतो. फिरते कारागीर, औषधे देणारे, देवतांचे उपासक, कसरत करणारे, ओझी वाहणारे हे सारे ग्रामव्यवस्थेचे घटक होते. त्यांचे मार्ग ठरलेले होते, गावे वाटून घेतलेली होती, वर्षातून कोणत्या महिन्यात कोण येणार हे गावाला ठाऊक असे. ते अस्थिर होते, पण अनोळखी नव्हते.

ब्रिटिश राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्माने माणूस गुन्हेगार असू शकतो ही कल्पना विधिग्रंथात घातली. १९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अनेक जमातींची पोलिसांकडे नोंद झाली, हजेरी लागली, परवान्याशिवाय गाव सोडण्यावर बंदी आली. काहींना काटेरी तारांच्या वसाहतीत कोंडण्यात आले. सोलापूरची सेटलमेंट हे त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी त्यांचे स्वातंत्र्य आले. कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली नोंदवही आणि गावाच्या मनातला शिक्का गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने १९८० च्या दशकात मराठी वाचकांसमोर आली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचक हळहळला. परंतु पुस्तक मिटल्यावर पालाच्या दिशेने किती पावले वळली, हा प्रश्न चार दशकांनंतरही विचारावा लागतो.

याच महाराष्ट्रात वेगळे उदाहरणही घडले होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी फासेपारध्यांना संस्थानाच्या कामावर घेतले, त्यांच्या निवाऱ्याची सोय केली आणि गुन्हेगार ठरवलेल्या जातींची पोलीस हजेरी बंद केली. ज्याच्याकडे चोर म्हणून बोट दाखवले जात होते, त्याच्यावर महाराजांनी विश्वास टाकला. विश्वास आधी आणि पुनर्वसन मागाहून, हा क्रम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

आज स्थिरतेची गरज अधिक का?

भटकंतीला अर्थ होता तोवर तिच्यात पोट भरण्याची शक्ती होती. ती शक्ती आता संपली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दरवेश्याचे अस्वल आणि गारुड्याचा साप कायद्याने बंद झाले. शिकार हा पारध्याचा व्यवसाय गुन्हा ठरला. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी हे आवश्यकच होते. पण त्या प्राण्यावर जगणाऱ्या माणसाच्या हाती त्या बदल्यात काय दिले, याचा विचार कोणी केला नाही. घिसाड्याची विळी-खुरपी कारखान्यातून येऊ लागली. जाते आणि पाटा घडवणाऱ्या हातांचे काम गिरणीने आणि मिक्सरने नेले. वैदूच्या झाडपाल्याला गिऱ्हाईक उरले नाही. करमणूक घराघरांतल्या पडद्यावर आणि मग खिशातल्या फोनवर आली, तेव्हा डोंबाऱ्याच्या दोरीखाली जमणारी गर्दी पांगली.

म्हणून आजचा भटका पोटासाठी भटकतो आणि तरी पोट भरत नाही, अशी अवस्था आहे. मुलांना शाळा हवी तर एका जागी राहिले पाहिजे. गरोदर स्त्रीला लसीकरण, बाळाला अंगणवाडी, म्हाताऱ्याला निराधार योजनेचे वेतन, रेशनचे धान्य, बँकेचे खाते यांतले काहीही पत्त्यावाचून मिळत नाही. इतकेच काय, माणूस मेला तर पुरायचे कुठे, हाही प्रश्न असतो. यांतल्या अनेक समाजांत दफनाची रीत आहे आणि गावाच्या स्मशानात त्यांना जागा नाकारली गेल्याचे प्रसंग कार्यकर्त्यांना नवे नाहीत. घर ही या कुटुंबांची चैन नव्हे. नागरिक म्हणून जगण्याची आणि मेल्यावर मातीत विसावण्याची ती पहिली अट आहे.

योजना आहेत, अडते कुठे?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. त्यानंतर भिकू रामजी तथा दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल २०१७ च्या अखेरीस तयार झाला. दोन्ही आयोगांनी निवारा, जमीन आणि ओळखीची कागदपत्रे यांवर भर दिला. राज्यात २०११ साली ‘यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना’ आली. वीस कुटुंबांची एक वसाहत, प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर आणि उरलेल्या जागेत पोटापाण्याचा उद्योग, अशी तिची मूळ कल्पना आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातल्या घरासाठी एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले. २०२४ मध्ये या योजनेला २०२९ पर्यंत मुदतवाढ मिळाली. २०२२ साली केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली. तिच्यात शिक्षण, आरोग्य विमा आणि उपजीविका यांबरोबर घराचाही अंतर्भाव होता आणि पाच वर्षांसाठी दोनशे कोटी रुपयांची तरतूद होती.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण कागदाची. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचा जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबांनी पालात जन्म घेतला, ज्यांची शाळेत नोंद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा पुरावा आणायचा कुठून? शासनाने वेळोवेळी गृहचौकशीची आणि सवलतींची परिपत्रके काढली आहेत. ती कचेरीच्या टेबलावर दाखवायला मात्र कोणीतरी जाणकार सोबत असावा लागतो. एकट्या गेलेल्या पारधी स्त्रीला दाराशीच अडवले जाते. एका कागदासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि तिसऱ्यासाठी पुन्हा पहिला, या फेऱ्यात मजुरी बुडते आणि कुटुंब नाद सोडून देते.

दुसरी अडचण जागेची. घरकुलाचे पैसे मिळतात ते ज्याची जागा आहे त्याला. ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी राज्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीला साहाय्य देणारी योजना २०१५ पासून आहे. सुरुवातीला पन्नास हजार रुपयांची मर्यादा होती, पुढे ती वाढवली गेली. पण पैसे हाती असले तरी विकणारा हवा. ‘पारध्याला जागा दिलीस तर गावाशी गाठ आहे’ असा दम मिळाल्यावर भला माणूसही मागे सरतो. सरकारी गायरानाचा मार्ग पूर्वी होता. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निर्णयानंतर आणि राज्याच्या जुलै २०११ च्या आदेशानंतर तो बराच आवळला गेला. मुक्त वसाहतीसाठी जमीन शोधताना प्रशासनाला गावाची संमती लागते आणि ग्रामसभेत ठराव येताच विरोधाचे हात वर होतात. निधी पडून राहतो, वर्ष संपते, पाले तिथेच राहतात.

म्हणजे जे अडते ते मंत्रालयात कमी आणि चावडीवर अधिक. ग्रामसभेत हात वर करणारी माणसे परकी नाहीत. ती गणेशोत्सवाची वर्गणी काढतात, सप्ताहाला पंगत वाढतात, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना भाकरी देतात. त्यांच्या ठायी दातृत्वाची कमतरता नाही. कमतरता आहे ती शेजार देण्याच्या तयारीची.

राईनपाड्याची आठवण

१ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे काय घडले ते महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या नाथांचे नाव घेत दारोदार जाणारी ही माणसे. गावोगाव त्यांना ओळखणारी पिढी संपली आणि नव्या पिढीला मोबाइलवरची अफवा त्या वेषापेक्षा खरी वाटली.

त्या घटनेनंतर निषेध झाले, मदत जाहीर झाली, चर्चा झाल्या. पण घटनेचा खरा धडा असा की अनोळखीपण हेच आज भटक्या माणसाचे सर्वांत मोठे संकट आहे. ज्याचा पत्ता नाही, ज्याच्यासाठी ‘हा आमच्या गावचा’ असे म्हणणारा कोणी नाही, त्याचे प्राणही सुरक्षित नाहीत. घर म्हणजे चार भिंती, हे अर्धे सत्य झाले. उरलेले अर्धे असे की, घर म्हणजे आपल्यासाठी साक्ष देणारा शेजारी.

समाजाने काय करायचे?

या ठिकाणी संघटित समाजशक्तीचे काम सुरू होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी येथे १९९३ पासून उभा राहिलेला भटक्या-विमुक्तांच्या मुलांचा शैक्षणिक प्रकल्प वाचकांना परिचित आहे. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी समाजात जे काम केले, त्याची दखल २०२१ साली पद्मश्रीने घेतली गेली. या कामाचा आरंभ घरे बांधण्यापासून झाला नाही. कार्यकर्ते आधी पालांवर जाऊन बसले, पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहिले, मग मुले शाळेत आली. मूल वसतिगृहात राहिले की आईबापांना परत येण्याचे एक ठिकाण मिळते, मग एखादा रेशनकार्डाची चौकशी करतो, दुसरा जागेची. कुटुंब स्थिर होते ते असे पायरीपायरीने. या अनुभवावरून कोणत्याही तालुक्यात करता येण्याजोगे काम स्पष्ट दिसते.

पहिले काम ओळखीचे. आपल्या तालुक्यात किती पाले आहेत, कोणत्या समाजाची, वर्षातले किती महिने, याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते. पाच-सहा कार्यकर्त्यांनी दोन-तीन रविवार दिले तर ती होते. ही नोंद पोलिसी चौकशीसारखी होऊ नये. पालावर चहा घेतल्यावाचून वहीत नाव लिहू नये, हा साधा नियम पाळला तरी पुरे.

दुसरे काम कागदाचे. निवृत्त तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वकील यांच्यासारखी माणसे प्रत्येक गावात आणि नगरात आहेत. ज्यांनी आयुष्यभर दाखले दिले, त्यांनी निवृत्तीनंतर दाखले मिळवून द्यावेत. आधार, रेशनकार्ड, मतदार नोंद, जन्माची विलंबित नोंद, जातीचा दाखला आणि बँक खाते यांचा क्रम लावून एका कुटुंबामागे एक जाणकार उभा राहिला, तर वर्षानुवर्षे रेंगाळणारी गोष्ट मार्गी लागते. मध्यमवर्गीय घरातला तरुण आपल्या पासपोर्टसाठी जितक्या तत्परतेने संगणकावर अर्ज भरतो, तितकीच तत्परता त्याने महिन्यातून एकदा पालावरच्या कुटुंबासाठी दाखवावी. यासाठी पैसा लागत नाही.

तिसरे आणि सर्वांत अवघड काम जागेचे, म्हणजेच ग्रामसभेचे. हे काम बाहेरून आलेल्या वक्त्याचे नाही. त्याच गावच्या, गावात मान असलेल्या माणसाचे आहे. ग्रामसभेत ठराव येण्याच्या दिवशी विरोधकांना समजावण्यात अर्थ नसतो. त्याआधी सहा महिने घरोघर बोलणी व्हावी लागतात. गावाच्या शंका खोट्या मानून चालत नाही. चोरी होईल, भांडणे होतील, पाण्यावर ताण येईल, या भीतीला उत्तर द्यावे लागते. सुरुवातीला वीस कुटुंबांचा आग्रह न धरता, जी दोन-तीन कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच गावात मजुरीला येतात, ज्यांना शेतकरी नावाने ओळखतात, त्यांच्यापासून आरंभ करावा. ज्याच्या शेतात ते खपले, तो शेतकरीच त्यांचा जामीन होऊ शकतो.

चौथे काम बांधकामाचे. एक लाख वीस हजारांत आज घर पूर्ण होत नाही, हे बांधकामातल्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय शासनाचे पैसे टप्प्याटप्प्याने, काम पुढे सरकल्यावर मिळतात. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याकडे जोत्यासाठी लागणारी रक्कम आधी नसते. गावातल्या पतसंस्थेने किंवा मंडळाने फिरता निधी ठेवला, हप्ता आला की तो परत घेऊन पुढच्या कुटुंबाला दिला, तर थोड्या रकमेत अनेक घरे उभी राहतात. सिमेंट विकणारा व्यापारी नफा सोडू शकतो, अभियंता आराखडा देऊ शकतो, ट्रॅक्टरवाला दोन खेपा वाळू टाकू शकतो, महाविद्यालयातल्या मुलांचे शिबिर पाया खणू शकते. मात्र घर घेणाऱ्या कुटुंबाचे हात त्यात असलेच पाहिजेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने हे शिकवले. त्या वेळी बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतल्या, चौकोनी आखणीच्या त्या वसाहतींशी गावकऱ्यांचे जुने जगणे जुळायला पुष्कळ काळ लागला. गुरांना जागा नव्हती, आळीतले शेजार तुटले होते. याउलट ज्या गावांत लोकांनी स्वतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, तिथे गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि शासन व कुटुंब यांच्यामधला दुवा झाल्या. घर कोणासाठी बांधायचे ते त्यालाच विचारून बांधावे, हा त्याचा बोध. नंदीवाल्याच्या घराला बैलाचा गोठा हवा, घिसाड्याला भात्याची जागा हवी. हे विसरले तर घर गोदाम होते आणि कुटुंब पुन्हा पालात जाते.

पाचवे काम घर झाल्यानंतरचे. वास्तुशांतीच्या दिवशी छायाचित्रे निघतात, पाहुणे जातात आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. पुढची दोन वर्षे मुले शाळेत टिकतात का, घरातल्या कर्त्याला वर्षभर काम मिळते का, आजारपण आले तर सावकाराच्या दाराशी जावे लागते का, याकडे लक्ष हवे. गावात चोरी झाली की पहिला पोलीस त्याच दारात येणार. तेव्हा मध्यरात्री ठाण्यात जाऊन ‘हा माणूस काल माझ्या शेतात होता’ असे सांगणारा कोणीतरी लागतो. एक घर टिकवायला असे चार शेजारी पुरतात.

आक्षेप आणि उत्तर

‘यांना घर दिले तरी ते विकून निघून जातात’, हा आक्षेप हमखास येतो. असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते का घडते? गावापासून तीन किलोमीटरवर, रस्ता-पाणी नसलेल्या माळावर वसाहत दिली, कामाची सोय केली नाही, तर कोणीही निघून जाईल. शहरातला नोकरदार कामासाठी गावचे घर बंद करून पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही.

‘गुन्हेगारीचे काय?’ हा दुसरा आक्षेप. कोणत्याही समाजात गुन्हा करणारे असतात आणि त्यांना कायद्याप्रमाणे शिक्षा झाली पाहिजे. परंतु एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या संपूर्ण जातीला वेशीबाहेर ठेवणे म्हणजे १८७१ चा कायदा मनातल्या मनात चालू ठेवणे होय. परकीय सत्तेने लावलेला शिक्का स्वकीयांनी जपून ठेवावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

‘आधी त्यांनी स्वतः सुधारावे’, असे तिसरे म्हणणे असते. व्यसन, बालविवाह, जातपंचायतीचा जाच हे दोष या समाजांत आहेत आणि त्यांच्यातलेच शिकलेले तरुण आज त्यांविरुद्ध उभे राहत आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या कायद्याचा आधार त्यांना आहे. पण या तरुणांना बळ द्यायचे तर त्यांच्या पायाखाली जमीन हवी. पालात राहून पंचायतीशी भांडणाऱ्या मुलीला जायला दुसरे घर नसते. सुधारणा आधी की निवारा आधी हा वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही एकत्र चालवणे शहाणपणाचे आहे.

उंबरठ्याचा मान

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि लोकांच्या देणगीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. खऱ्या धर्माची व्याख्या करताना त्यांनी भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबरीने बेघराला आसऱ्याचा उल्लेख केला. त्यांनी स्वतःसाठी एक झोपडीही ठेवली नाही आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घातले. त्यांच्या नावाने स्वच्छतेची अभियाने पुष्कळ झाली. त्यांच्या यादीतले हे कलम मात्र अजून अपुरे आहे.

येत्या हंगामात पाले पुन्हा वेशीबाहेर येतील. प्रत्येक तालुक्याने एकाच वर्षात एका कुटुंबाला कागदापासून उंबरठ्यापर्यंत नेण्याचा संकल्प केला, तरी शासनाच्या दारी तिष्ठत पडलेल्या योजनांना वाट मिळेल. एका कुटुंबाचे हे काम लहान दिसते. पण ज्या गावात एक नंदीवाला रहिवासी होतो, त्या गावात दुसऱ्यासाठी ग्रामसभेत वर होणारे हात विरोधाचे नसतात. नंदीबैलाच्या कपाळाला कुंकू लावणारी परंपरा या समाजाला ठाऊक आहेच. त्या बैलाच्या धन्याच्या नव्या घराला तोरण बांधायला आता गावाने जावे.